दोन्ही उजवे

मनगट मोडलं ते मेंढ्यांना पाणी नेताना,
बादलीतून आदल्या दिवशी
माझ्याच हातून सांडलेल्या पाण्यावर.
कार्दलाच्या डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं,
म्हणाल्या, सहा आठवडे. सुयांना हात लावायचा नाही.

सुयांना हात लावायचा नाही!
हियुमा बेटावर, डिसेंबरात,
साडेतीनलाच खिडकी काळी पडते.
मग हातांनी करायचं काय,
मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचं?

पीरेतचा एक हातमोजा विणून झाला होता. उजवा.
दुसऱ्याचं नुसतं मनगट, चार बोटं लांब,
टोपलीत पाच सुया वर काढून
साळिंदराच्या पिल्लासारखं पडलेलं.

काल्यो खुर्चीचा पाय सरसानं चिकटवत होता.
ह्या माणसाला सगळं दुरुस्त करता येतं:
गळकं छप्पर, बोटीचं इंजिन,
शेजारच्या हेल्यूचं थांबलेलं घड्याळ,
बोलणं तेवढं सोडून.
हात पुसत तो म्हणाला,
"दे इकडे. जाळंच की हे. जरा बारीक."

जाळं नव्हे, हे त्याला पहिल्याच रात्री कळलं.
सुया त्यानं वल्ह्यांसारख्या धरल्या.
लोकर इतकी आवळली की सुई आत शिरेना,
मग इतकी सोडली की मांजरीचा पंजा आरपार.
मी पलीकडून सांगत राहिले,
दोन सुलट, दोन उलट,
अरे, दोरा पुढे घे, पुढे,
तुझ्या पुढे नाही, सुईच्या पुढे.

आणि तो मोजायला लागला. मोठ्यानं.
यूक्स, काक्स, कोल्म.
तीन काळे, एक पांढरा, तीन काळे.
चुकला की शिवी, मग पुन्हा यूक्स.
एकेचाळीस हिवाळे शेगडीतल्या बर्चच्या लाकडांनी
ह्या घरात त्याच्याहून जास्त बडबड केली होती.
आता आकड्यांमध्ये मधूनच काहीतरी यायचं:
सात, आठ, आईचे मोजे असेच खाजायचे,
नऊ,
बाबा बुडाले त्या सकाळी माझ्या पायात एकच होता, दहा.

मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर टाका सुटला असता.

घरातली बाकीची कामं तुंबली.
खिडक्यांच्या फटींवर साबण लावून
कागदाच्या पट्ट्या मी चिकटवल्या, वाकड्यातिकड्या.
नळाचा वायसर बदलला डाव्या हातानं.
सुईवरची नजर न काढता तो सांगत होता,
"उलट फिरव. अजून उलट. आता नवा घाल."
पाणी थांबलं तेव्हा आम्ही दोघंही दचकलो,
इतके दिवस ते ठिबकतंय हे विसरूनच गेलो होतो.

मग अंगठ्याची वेळ आली.
तिथे जुना लाल दोरा विणून जागा राखायची असते,
तळहाताच्या बाजूला, पण कुठल्या कडेला
हे हात बघून ठरतं.
त्यानं माझा उजवा मोजा समोर ठेवला
आणि अगदी तसाच, जिथल्या तिथे, लाल दोरा घातला.

मी पाहिलं.
तोंड उघडलं,
शेगडीत एक लाकूड सरकवलं, तोंड मिटलं.

जानेवारीच्या मध्यावर दोन मोजे टेबलावर आले.
दोन्ही अंगठे एकाच दिशेला,
बसथांब्यावरची माणसं बस कुठून येते बघतात तसे.
काल्यो बराच वेळ बघत राहिला.
एक घातला, काढला, दुसरा घातला.
"दोन्ही उजवे," तो म्हणाला.
"हो."
"तुला दिसलं नाही?"
"चष्मा शेजारच्या खोलीत होता."

चष्मा माझ्या नाकावर होता.

"उसवू?"
"उसवतोस कशाला? दोन डावे कर.
पीरेतला दोन जोड होतील."

परवा प्लास्टर निघालं.
आतून हात निघाला बारीक, पांढरट,
तळघरात मोड आलेल्या बटाट्याचा कोंब असतो तसा.
बाई म्हणाल्या, आता विणायला हरकत नाही, उलट विणाच.

घरी येऊन मी सांगितलं, अजून दुखतंय.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे,
आणि लोकरीचा गुंडा माझ्या मांडीवर ठेवून
स्वतः सुया घेतल्या.
"कुठे होतो मी?"
"अकरा," मी म्हटलं. होते चौदा.