अनावश्यक विराम

रात्री साडेआठला मी सगळ्यांना नवे दात आणतो.
एक कळ दाबायची, इतकंच.
सोळा यंत्रं, सोळा जबडे,
दिवसभर कोरलेले, फोडलेले, चुकून आरपार भोसकलेले,
पुन्हा जसेच्या तसे.
डिसेंबर-जानेवारीत ट्रोम्सोला सूर्य उगवत नाही.
दात तेवढे येतात.

मारेत मागून तिसऱ्या यंत्रावर बसते.
चष्मा चढवला की ती इथे नसतेच,
खालच्या डाव्या अक्कलदाढेपाशी असते.
दाढ आडवी, अर्धी हाडात रुतलेली,
ऊठ म्हटलं की बहिरा होणारा पाहुणा.

हिरडी उघडायची. हाड कोरायचं. दाढेचे दोन तुकडे.
हातातला दांडा उलटा ढकलतो तिला,
वरच्या कवचाशी खडकासारखा,
आत गेल्यावर ओल्या खडूसारखा.
आणि मुळांच्या बुडाशी एक पिवळा धागा, नस.
टोक लागलं की पडदा लाल होतो.
बस, लालच होतो.
कुणाचा ओठ सहा महिने बधिर राहत नाही,
हनुवटीवरून कॉफी ओघळली ते न कळून
चारचौघांत कुणी ओशाळत नाही.

त्या जानेवारीत तिने एकेचाळीस वेळा ती दाढ काढली.
शेवटी शेवटी पडदा लाल होईना,
शेरा मात्र तोच:
गुण एकसष्ट. अनावश्यक विराम, नऊ.
प्राध्यापिका रांगफ्रिद म्हणाल्या, का थांबतेस?
तिची दातखीळ बसली.

मला सांगितलं तिने, मी वायर बदलत होतो तेव्हा.
काउतोकेनोला, तिच्या आजोळी,
रेनडियरच्या पाडसाच्या कानावर खूण कापतात.
पाडस मांडीत, कान बोटांत, सुरी एवढीशी.
"ते श्वास सोडतं तेव्हा कापायचं.
घेतं तेव्हा नाही.
ह्या डोक्याला श्वासच नाही, आयलिफ.
मी वाट बघत बसते."

मी टेक्निशियन, मी काय बोलणार.
म्हटलं, कंपनीला लिहितो.
लिहिलं.
उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार.

मार्चात, कॉडचा हंगाम उतरणीला लागला तसा
क्वालोयाहून सिगवाल आला,
कोळी, खुर्चीत न मावणारा,
दोरांनी सोललेले तळवे.
दाढ तीच. खालची, डावी, आडवी.
"चोपन्नाव्या वर्षी कसली अक्कल," म्हणून हसला,
आणि हसता हसता खुर्चीचा हात घट्ट धरला.

मी काचेपलीकडे, पंप अडला तर असावं कुणी म्हणून.
यंत्रात नसलेलं सगळं तिथे होतं.
लाळ. तंबाखूचा वास.
काय चाललंय ते बघायला मध्येच येणारी जीभ.
सुईनंतरही बधिर न होणारी भीती.
मारेत थांबली. त्याची छाती खाली गेली.
ड्रिल फिरलं.
थांबली.
मी मोजत होतो, सवयच आहे.

आणि अगदी तळाशी,
जिथे धागा असतो पण पिवळा नसतो, दिसतच नाही,
तिथे तिचं मनगट आपसूक हलकं झालं.
हे पाडसाने शिकवलेलं नव्हतं.
हे माझ्या मागून तिसऱ्याचं काम,
हिवाळाभर लाल झालेल्या त्या पडद्याचं.

विराम चौदा भरले.
ट्रेमध्ये एक तुकडा टण्णकन, मग दुसरा.
सिगवालने ओठाला बोट लावून पाहिलं.
"कळत नाहीये," जड जिभेने म्हणाला.
"आज नाहीच कळणार. उद्या दुपारी फोन करा."

दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही.
माझ्या खोलीत बसून
स्क्रू आकाराप्रमाणे डबीत लावत राहिली,
मी न सांगता.
सव्वादोनला फोन.
तिने ऐकलं, ऐकलं, आणि कपाळ टेबलावर टेकवलं.

कॉफीने ओठ पोळला म्हणे त्याचा.
शिव्या देत होता.

यंत्रावर ती अजून एकसष्टच.