लाखात एक

मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव
कागदावरच लिहून दिलं,
बोलताना त्यांचीही जीभ अडखळली.
"लाखात एखाद्याला होतो."
मला बघायला आल्या तेव्हा
सासूबाई हेच म्हणाल्या होत्या, लाखात एक.

तासगावात बेदाणा निवडताना
बायका धीर देतात, "अमकीला झालावता,
ठणठणीत आहे."
अमकीचा वेगळा.
माझा कुणाचाच नाही.

मग औषधांच्या खिडकीशी हौसाक्का खोत भेटली,
कवलापूरची.
तिच्या कागदावर तेच लांबलचक नाव.
अक्षर अक्षर जुळवून पाहिलं दोघींनी,
लॉटरीचं तिकीट तपासावं तसं,
आणि हसू फुटलं.
सिस्टर दटावून गेली.

आता रात्री तीनला फोन.
"जागी हाईस?"
"हाय."
"तोंडाला चव?"
"लोखंडाची."
"माज्याबी."
एवढंच. ती धीर देत नाही.
मागे तिच्या म्हशीची साखळी वाजत राहते.

काल फोन आला नाही.
मीच लावला. वाजत राहिला, वाजत राहिला.
उचलला तेव्हा आवाज जडावलेला,
"डोळा लागलावता गं."

शिवी दिली तिला.
मग अंधारात बसून राहिले
तिची झोप उराशी धरून.