घाम

सावद्यात पारा सेहेचाळीसवर,
धाब्यावर पाय ठेववत नाही,
आणि लीलाधर स्वेटर घालून
केळी पिकवायच्या खोलीबाहेर उभा.
"मले थंडी वाजते व."
हे गोळ्यांच्या आधीचं.

तेव्हा तो कच्च्या घडांशी बोलायचा,
एकेका फणीला नातेवाइकांची नावं होती.
पंख्याच्या पात्यांतून कुणीतरी त्याला
आमच्या घराचे हिशेब वाचून दाखवायचं.
खरं सांगते, बरेचसे बरोबर असायचे.

जळगावच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या.
पिवळी, आवाजांसाठी.
पांढरी, पिवळीनं हात थरथरतात म्हणून.
महिन्याभरात पंखा नुसता पंखा झाला.
आईनं शेवभाजी केली.
तो जेवला, ताट धुतलं,
कुणालाच काही बोलला नाही.

आम्ही जुळी. मी अकरा मिनिटांनी धाकटी.
वजनकाट्यावर बसते, दिवसभर गळते,
पावत्यांवर शाई पसरते.
नऊ मेला त्याच्या कपाळाला हात लावला
तर तवा.
काख कोरडी, मान कोरडी, जीभ खरखरीत,
थर्मामीटर एकशे पाच,
आणि तो हवेतून काहीतरी वेचत होता,
हळूच, दोन बोटांनी,
कापूस वेचावा तसा.

केळीवर टाकायची ओली गोणपाटं
मी त्याच्यावर टाकली, जळगावपर्यंत
गाडीत बादलीनं पाणी मारत गेले.

नंतर डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला,
खाली मधोमध एक टिंब.
"शेंगदाण्याएवढी जागा.
अंगाचा ऊनगारवा इथून ठरतो.
पिवळी तिला गोंधळवते,
पांढरी घामाची तोटी आवळते.
दोघी आपापलं काम करत होत्या, ताई.
बाहेर ऊन होतं."

आमच्या खोलीत पारा फार उतरला तर केळ काळं पडतं,
फार चढला तर आतून मऊ.
दर दोन तासांनी आकडा लिहायचा,
तेरा वर्षं लिहितेय.
भावाचाही लिहायचा असतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता पांढरी अर्धी.
हात पुन्हा थरथरतो, बशी वाजते,
चहा लेंग्यावर सांडतो.
काल दुपारी त्याच्या वरच्या ओठावर,
मिशीच्या कडेला,
बारीक घाम दिसला.
"काय पाह्यते व?"
"काही नाही. चहा संपव."

त्यानं बशी खाली ठेवली
आणि पंख्याकडे पाहिलं,
जरा जास्तच वेळ.
मी उठून वहीत आकडा लिहिला.