समुद्रसपाटीपासून उंची

मिरचीच्या गोदामावर दुसरा मजला,
तिथे आमचं ऑफिस. चार संगणक, एक कूलर,
आणि जिन्यातून वर येणारा ठसका,
ज्यावरून नंदुरबारात नवा माणूस ओळखू येतो.

मी किनारे काढते.
कुण्या लांबच्या कंपनीचं काम, तासावर पैसे:
समुद्र एक मीटर चढला तर रेघ कुठे,
दोन मीटर चढला तर कुठे.
माऊसची एक टिचकी, एक बिंदू,
बिंदूला बिंदू जोडत जायचं
डाळ निवडावी तसं, मन दुसरीकडे ठेवून.

काल एक नदीमुख संपवलं. आज एक बेट,
नाव मला वाचता येत नाही.
एक मीटरला त्याची कड गेली.
दोनला मधोमध खिंड पडली.
तीनच्या थरात रेघच काढावी लागली नाही.
शेजारून शकील तडवी म्हणाला, सुटलीस, काम कमी झालं.
मग आम्ही दोघंही थोडा वेळ
कूलरकडे बघत बसलो.

समुद्र मी एकदाच पाहिलाय, सुरतेच्या पुढे,
आत्याच्या दिराच्या लग्नाला गेलो तेव्हा.
ओहोटी होती. पाणी फारसं दिसलंच नाही,
नुसता चिखल आणि उंटावर बसलेली पोरं.
तेवढ्या ओळखीवर
मी जगाचे काठ सरकवते आहे.

रात्री आबांना सांगितलं.
ते जाळं शिवत होते, दातात दोरा.
उकाईचं पाणी मागे फुगलं तेव्हा ते दहा वर्षांचे.
म्हणाले, आमच्याकडेही एक साहेब आला होता,
तिकाटण्यावर दुर्बीण ठेवून एक डोळा मिटायचा.
चिंचेच्या खोडावर त्यानं पांढरा पट्टा ओढला,
पाणी इथवर, म्हणाला.
पट्टा माझ्या बापाच्या डोक्यावर हातभर.
बाया हसल्या. तापी काय चिंचेवर चढते?
काकूनं तर त्याच झाडाखाली
त्या उन्हाळ्यात नवी चूल घातली.

मग कुठवर आलं पाणी?

आबांनी दोरा तोडला.
“पट्टावरच थांबनं. बोटभर बी चुकनं नही.
सायेब हुशार व्हता.”

माझा एक चौकोन तीस मीटरचा.
त्यात आमचं घर मावतं, मागचं न्हाणीघर,
शेजारचे दोघं, त्यांची भांडणाची भिंत,
आणि सगळ्यांना मिळून एकच रंग येतो.

सकाळी आत्याला गाडीवर बसवायला गेले.
पिवळ्या बोर्डावर गावाच्या नावाखाली
बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासून उंची:
दोनशे आणि वर काहीतरी,
शेवटचा आकडा पानाच्या पिचकारीत गेलेला.
शाळेपासून वाचत आले. वाटायचं
ही उंची आमची आहे.
पण मोजायचा दोर तर त्याच्या हातात.
तो तिकडे चढेल
आणि आम्ही इथे, जागचे न हलता,
पाय कोरडे ठेवून
बोटभर बोटभर खाली येत राहू.
रेल्वेचा कुणी शिडी लावून आकडा बदलेल का?
पिचकारी तर अजून पुसली नाही.

आत्या म्हणाली, काय वाचतेस, पिशवी दे वर.
पिशवीत मिरच्या होत्या, सुरतेला इथल्यासारख्या मिळत नाहीत.
तापी जाते त्याच बाजूला गाडी निघाली.

दुपारी पुन्हा ते बेट उघडलं.
तीनचा थर. सगळं सपाट निळं.
मधोमध एक बिंदू टाकला.
बिंदूला नाव द्यावं लागतं, नाहीतर फाईल बंद होत नाही.
मी लिहिलं: चूल.

तपासणीत परत येईल, चूक म्हणून.
आली की खोडीन.