बारा नंबरचा पाना

तुटण्याआधी बोल्ट मऊ होतो.
हे कुणी शिकवत नाही, मनगटाला कळतं,
आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.
वाटतं, सुटला. सुटलाच बघ.
मग टक्.
पान्यासकट हात जाऊन आदळतो सीटखालच्या पत्र्यावर
आणि डोकं तेवढं पडतं खाली,
षट्कोनी, गंजकं, काही कामाचं नसलेलं.

शिर्केबाईंची ओम्नी, शाळेची.
सोमवारी सकाळी साडेसहाला अकरा पोरं
दांडिया बाजारापासून आपापल्या कोपऱ्यावर उभी राहणार.
आणि आज वासी उत्तरायण.
अख्खं बडोदं गच्चीवर,
नवापुऱ्यातल्या शेडमध्ये मी एकटा
सीट उचलून गाडीच्या पोटात वाकलेला.
वरून आरोळ्या, पिपाण्या,
कुणाची तरी कापली, पुन्हा कुणाची तरी कापली.
खाली माझा बोल्ट.

घाई माझीच होती, खोटं कशाला बोलू.
शाल्मलीला म्हणालो होतो, बारापर्यंत येतो फिरकी धरायला.
अकरा वाजून गेलेले.
जिथे तेल सोडून रात्रभर थांबायचं
तिथे मी पान्यावर पाइप चढवला.

जशुभाई म्हणायचे, एने पूछीने फेरव.
त्याला विचार, मग फिरव.
मकरपुऱ्यात सहा वर्षं काढली त्यांच्या हाताखाली,
मला वाटायचं, म्हातारा गंजाशी गप्पा मारतो.
पाव आटा पुढे, थोडा मागे,
चहा, पुन्हा पाव.
त्यांच्या हातून तुटले नाहीत असं नाही.
तुटले. मग ते नुसते हात पुसत बसायचे,
स्वच्छ झाल्यावरही.

मीही पुसले.
मग बॅटरी दातांत धरून बघितलं,
हेडच्या पातळीत तुटलेला, केसभर वर.
इझी-आउट घालायचा मोह होतो अशा वेळी.
ते आत तुटलं तर पोलादात पोलाद,
मग रडायलाही भोक उरत नाही.
म्हणून वर नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका.
फिरवला. टाका सुटला.
दुसरा. सुटला.
तिसऱ्याला फोन वाजला, मी वाजू दिला.
तोही सुटला.

खणात मेणबत्ती होती, वीज जाते तेव्हाची.
तापलेल्या तुकड्याला टेकवली.
मेण धूर करत आट्यांत उतरलं,
कुठे जायचं ते आधीपासून ठाऊक असल्यासारखं.
चौथा नट, चौथा टाका,
आणि मग सगळ्यात अवघड काम, काहीच न करणं.
लाली गेली. राखाडी आली.
शेजारच्या गच्चीवरून उंधियूचा वास आला आणि गेला.
पाव आटा. मागे. पाव.
एक करकर, भातात खडा लागावा तशी,
आणि पुन्हा तोच मऊपणा.

मी थांबलो. हात थरथरत होते.
हा मऊपणा कुठला, सुटण्याचा की तुटण्याचा,
ते आजही सांगता येणार नाही.
विचारलं.
फिरवला.
आला.

गच्चीवर पोचलो तेव्हा अंधारात तुक्कल चढले होते.
शाल्मली माझ्याकडे बघेना.
बऱ्याच वेळाने आईच्या हातातली फिरकी माझ्याकडे सरकवली, धर म्हणाली, एवढंच.
काळ्या नखांनी धरली.
एकदा मांजा अचानक हलका झाला,
तिच्याआधी मला कळलं.
बोललो नाही. गुंडाळत राहिलो.

सोमवारी पहाटे शिर्केबाई आल्या, मफलर, हातात चावीची रिंग.
बिल वाचून म्हणाल्या, बोल्ट अठरा रुपये, बरोबर.
मजुरी सहाशे? एका बोल्टला?
खिशातून तो तुकडा काढला, नट चिकटलेला.
त्यांनी तळव्यावर घेऊन थोडा वर-खाली केला.
याला?
याला, म्हणालो.
पैसे मोजून दिले, आणि तुकडा टाकला पर्समध्ये.
कशाला हवा, ते मी विचारलं नाही.
सहा वीस झाले होते.