अजून ठरलं न्हाई

आमच्या गल्लीत पिठाच्या आधी बातमी दळून निघते.
आक्काताई सणगर पासपोर्ट काढालीय,
दुधाच्या कट्ट्यावर तिघींनी विचारलं, कुठं गं?
पोरगी तर इचलकरंजीत दिलीय.
बायजाक्का तोंडावर बोलली:
बाजारात तुरी, आणि…
म्हटलं, त्या तुरी शेवटी माझ्याच गिरणीत येत्यात
भरडायला. येऊ देत.

मुजाहिद मणेरच्या दुकानात फॉर्म भरला.
काकी, छत्तीस पानी का साठ पानी?
शाळेची वही घेताना विचारावं तसं.
मी जरा गप्प बसलो.
साठ पानं भरायला माणसाला किती देश लागतात?
छत्तीस कर.
(कोल्हापूरच्या बायका आम्ही, बसलो, उठलो, जातो, असंच बोलतो.
लिंगाच्या रकान्यात त्यानं न विचारता स्त्री टाकलं.)

शरीरावर ओळखीची खूण?
डाव्या मनगटावर. सत्त्याण्णव साली पट्टा तुटला,
मालक बाहेरगावी,
बाहेर सणाच्या डब्यांची रांग,
पदर गुंडाळून रात्री अकरापर्यंत दळत होतो.
रकान्यात "भाजल्याचा डाग" एवढंच मावलं.

दहावीचा दाखला न्हाई म्हणून मी उठाय लागलो
तर म्हणाला, बसा, पन्नाशी झाली की तो लागत न्हाई.
वय वाढल्याचा असा फायदा
आजवर कुणी सांगितला न्हवता.

मोठ्या पोस्टात बोटं उठेनात.
पुसून ठेवा, मावशी. दाबून ठेवा. परत ठेवा.
मागं रांगेत एक नवीन लग्न झालेलं जोडपं,
त्यांची तिकिटंसुद्धा काढून झालेली,
घड्याळ बघत होतं.
तीस वर्षं जात्याच्या दगडाला टाकी लावली.
दगडाला दात आले, माझ्या बोटांच्या रेघा गेल्या.
त्या पोरीला हे सांगितलं तर तिनं माझा हात
दोन्ही हातांत धरून काचेवर ठेवला,
आपल्याच आईचा असल्यागत. मग उठली बोटं.

मंगळवारी हवालदार चौकशीला आला,
(गुरुवारी गव्हाचा डबा घेऊन आला, ते वेगळं).
शेजाऱ्याची साक्ष पाहिजे, म्हणून बायजाक्काला बोलावलं.
हिला मी एकोणतीस वर्षं ओळखतो, ती म्हणाली,
पन्हाळ्याला गेलीय एकदा. ते पण संध्याकाळी परत.
हे लिहा.
त्यानं ते लिहिलं न्हाई.
मला विचारलं, काकी, जाणार कुठं?
अजून ठरलं न्हाई.
मग एवढी घाई?
म्हटलं, डबा आधी घासून ठेवायचा असतो, साहेब.
काय दळायचं ते मागनं बघू.

हसला. चहा घेऊन गेला.
त्याला जे सांगितलं न्हाई ते असं:
कदाचित मी कुठंच जाणार न्हाई.
पण आजवर गेलो न्हाई
ते जाता येत न्हवतं म्हणून.
इथनं पुढं गेलो न्हाई,
तर ते मी गेलो न्हाई म्हणून.
दोन्हीत फरक हाय. गिरणीच्या आवाजात
तो कुणाला ओरडून सांगायचा?

सतराव्या दिवशी पोस्टमन आला, तेव्हा लाईट गेलेली.
सही केली. पाकीट दातानं फाडलं.
फोटोत मी कुणावर तरी रागावल्यागत.
पानं कोरी, करकरीत, नव्या नोटांसारखा वास.
नवव्या पानावर ज्वारीचा अंगठा उठला,
मशीनला जो दिसत न्हवता, तोच. फुंकर मारली,
थोडा गेला, थोडा राहिला.

शेवटची तारीख बघितली. तवर मी अडुसष्टची.
तवर हा पत्रा बदलायचा, मोटार भरून घ्यायची,
आणि बायजाक्काला विचारून बघायचं,
तुझे कागद कुठं हाईत गं?

लाईट आली.
वर कुणाची तरी नाचणी तशीच होती.