गुडघाभर पाणी

मार्च संपत आला तरी लुब्लिनमध्ये बर्फाचे काळे ढिगारे
पार्किंगच्या कोपऱ्यांत अडून बसलेले,
आणि आमच्या स्वयंपाकघरात जुलैवरून भांडण.

समुद्र, म्हणते यागोदा. तेरा वर्षांची आहे.
तिला समुद्र हवा, आणि तिथे आमची ओळख नको:
तिचा टॉवेल आमच्यापासून निदान तीस पावलांवर.
डोंगर, म्हणतो लेशेक.
हा माणूस अकरा मजली इमारतींत, लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत
दिवसभर दोरावर लोंबकळतो,
आणि सुट्टीतही त्याला उंचीच पाहिजे.
मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात आठ आठ तास उभी.
डोंगर म्हणजे काय ते माझ्या टाचांना विचारा.
मला फक्त अशी खोली द्या
जिथल्या चादरी दुसऱ्या कुणीतरी धुतल्या आहेत.

वीजबिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडला.
समुद्रकाठी खोली परवडते, जेवण नाही.
डोंगरात जेवण परवडतं, खोली नाही.
मग जेवायला डोंगरात जाऊ, लेशेक म्हणाला,
आणि झोपायला समुद्रावर.
कुणी हसलं नाही. बऱ्याच वेळाने मीच हसले,
भांडी विसळताना.

शेवटी मतदान.
आंबवलेल्या काकड्यांची रिकामी बरणी,
पांढरा घेवडा म्हणजे समुद्र, तपकिरी म्हणजे डोंगर,
आणि टाकताना बाकीच्यांनी खिडकीकडे बघायचं.
बरणी पालथी केली.
पांढरे दोन (एक माझा; समुद्र निदान सपाट तरी असतो),
तपकिरी एक,
आणि एक निळं बटण.

ते माझं, टेबलाखालून कायतेक म्हणाला. पाच वर्षांचा.
बटण म्हणजे कुठे रे?
तो गाडीचं चाक बसवत होता, वर न बघता म्हणाला,
बाबा पाण्यात येतात तिथे.

फ्रिज घरघरत राहिला.

मला गेल्या वर्षीचा किनारा आठवला.
पहाटे सहाला उठून लेशेकने वाळूत काठ्या ठोकल्या होत्या,
रंगीत पट्ट्यांचं कापड ताणून वाऱ्याला आडोसा केला होता,
आणि मग सहा दिवस त्या आडोशात
चपला, किल्ल्या, अर्धी खाल्लेली सफरचंदं राखत बसला होता.
सामान बघायला कुणीतरी हवं ना, म्हणायचा.
लग्नाआधी एकदा होडीतून जायचं ठरलं
तर नेमकं त्याच सकाळी त्याचं पोट दुखलं होतं.
पंधरा वर्षं मी ते पोट खरं धरून चालले.

तो घेवड्याचे दाणे पिशवीत परत भरत होता,
एकेक करून, गरज नसताना.
यागोदाची जीभ एरवी सुरीसारखी. तेव्हा मात्र गप्प.
मोबाईल चाळत राहिली, मग टेबलावर माझ्याकडे सरकवला:
माझुरीतलं एक तळं, लाकडी घर, छपराला शेवाळ.
फोटोत पाण्याच्या जवळजवळ मध्यावर एक बगळा,
आणि त्याचे गुडघे कोरडे.
इथे नेट नाही, ती म्हणाली,
बसथांब्यापाशी येतं म्हणे थोडंसं.
हे तिच्या तोंडून.

रात्री लेशेक गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होता.
दार नीट लागत नाही, म्हणून मला ऐकू आलं.
हो, चौघं. तेरा आणि पाच.
नाही, कुत्रा नाही.
मग बराच वेळ काही नाही. मग,
पाणी किती खोल आहे?
आणि पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला,
नाही, मुलांसाठी नाही विचारत.

बटण त्याच्याच कामाच्या शर्टाचं निघालं, डाव्या बाहीचं.
बाही दुमडून तो महिनाभर तसाच हिंडतोय.
सुईदोरा समोरच्या खणात आहे, मला माहीत आहे.
पण राहू दे ते बरणीत, जुलैपर्यंत.